बादली रिकामी, फिल्टर भरलेला: घरच्या सुतारकामातला सेपरेटर भुसा का सोडतो

"काका, सकाळपासून रंधा मारालोय, तरी बादली रिकामीच राहायलीय. सगळा भुसा व्हॅक्युममधी चाललाय बघा."

हा फोन मला दर पावसाळ्यात येतो. कधी खानापूरहून, कधी निपाणीकडून, तर कधी दोन गल्ल्या पलीकडून. पाऊस लागला की अंगणात काम करता येत नाही. माणूस दारं-खिडक्या लावून आत काम करायला लागतो आणि मग उन्हाळाभर न दिसलेली धूळ एकदम नाकात जायला लागते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पॅटर्न मेकर म्हणून माझी बरीच वर्षं गेली. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करायचं ते काम. आता घरामागच्या पत्र्याच्या खोलीत माझं छोटं शॉप आहे. यंत्र आणि व्हॅक्युमच्या मध्ये बसून भुसा बादलीत पाडणारे सेपरेटर मी स्वतः केले, पोरांना करून दिले, आणि बिघडलेले तर कितीतरी उघडून बघितले. दुखणं बहुतेक वेळा तेच निघतं. औषध स्वस्त असतं, पण तिथे हात जायच्या आधी लोक मोठी मोटर विकत घेऊन मोकळे झालेले असतात.

ज्यांनी सेपरेटर अजून घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाताच्या गिरणीमागे पत्र्याचा उलटा शंकू उभा असतो, कोंडा त्यातूनच खाली पडतो, तो आपल्याकडे सगळ्यांनी बघितलेला आहे. सुताराच्या शॉपमधला सेपरेटर, ज्याला सायक्लोन म्हणतात, तो त्याचंच धाकटं भावंड. हवा बाजूच्या तोंडातून तिरकी आत शिरते आणि भिंतीला घासत गरगर फिरत खाली येते. जड भुसा भिंतीकडे फेकला जातो आणि घसरत खालच्या बादलीत पडतो. हलकी झालेली हवा मधल्या नळीतून वर चढून व्हॅक्युमकडे जाते. मोटर लागते ती फक्त व्हॅक्युमला. सेपरेटरमध्ये फिरणारा एकही भाग नाही. म्हणून "सेपरेटर बिघडला" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, "त्यात बिघडण्यासारखं आहे काय?" असतं ते आजूबाजूला.

लक्षणं नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं

ओढ चांगली आहे, नळी हाताला चिकटते, पण बादलीत भुसा नाही आणि व्हॅक्युमची टाकी भरते: संशय बादलीच्या झाकणावर किंवा शंकूच्या खालच्या जोडावर घ्या.

ओढच कमी, बादलीत मात्र थोडंफार पडतंय: फिल्टर चोंदला, नळी तुंबली किंवा कुठेतरी मुडपली.

सुरुवातीला सगळं झकास चालतं आणि अर्ध्या तासाने भुसा वर जायला लागतो: बादली भरलेली असणार, नाहीतर शंकूच्या तोंडात सालपं अडकून बोळा झालेला असणार.

बादली "फट्" आवाज करून आत चेपते, झाकण सुटतं: पुढे कुठेतरी वाट बंद झाली आहे आणि बादली ओढीपुढे कमी पडते आहे.

आणि एक गोष्ट बिघाड नाहीच, तीही सांगून ठेवतो. किलोभर भुसा ओढल्यावर फिल्टरवर पिठासारखी पातळ पूड दिसली तर घाबरू नका. अगदी बारीक कण हवेबरोबर वर जाणारच. सँडरची (घासायच्या यंत्राची) धूळ असेल, त्यातून एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, तर जरा जास्तच. घरगुती सायक्लोन करवतीचा भुसा आणि ढलप्या पकडण्यात पटाईत असतो. नजरेला न दिसणारी धूळ पकडणं हे फिल्टरचं काम.

एक पैसा न लागणाऱ्या तपासण्या

बादली उघडून बघा. हसू नका. गेल्या पावसाळ्यात एका पोराच्या घरी चोर्ल्याच्या बाजूला पावसात भिजत गेलो, तर बादली काठापर्यंत भरलेली. शंकूतून खाली येणारी हवा फिरतच येते आणि भुशाच्या पातळीजवळून परत वर वळते. पातळी तोंडाला टेकली की पडलेला भुसाच ती पुन्हा उचलून नेते. दोन तृतीयांशच्या वर बादली भरू द्यायची नाही. मी आतून लाल रंगाने रेघ मारून ठेवतो आणि झाकणात काचेसारख्या ॲक्रिलिकचा छोटा तुकडा बसवतो, म्हणजे उघडायला नको. रंध्याच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. दीडशे मिलिमीटर रुंद आणि बाराशे लांब फळीवरून एक मिलिमीटर काढला तर घट्ट लाकूड पाव लिटरही होत नाही, पण तेच सालपं होऊन फुगलं की कितीतरी पट जागा खातं. पाच-सहा फळ्यांत वीस लिटरची बादली भरलेली मी बघितली आहे.

मग नळ्या बघा. बाजूचं तोंड यंत्राकडे, वरचं मधलं तोंड व्हॅक्युमकडे. उलटं जोडलं तरी व्हॅक्युम ओढतोच, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. पण हवा मधून शिरते, फिरत नाही आणि भुसा बाजूच्या तोंडातून सरळ निघून जातो. झाडलोट करताना कुणीतरी नळ्या काढून परत लावल्या असतील तर हे हमखास होतं.

फिल्टर काढा, अंगणात न्या, हलक्या हाताने आपटा. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आतून बाहेर आणि लांबून. जवळून मारली की कागदाच्या घड्या फाटतात, मग फिल्टर स्वच्छ दिसतो पण धूळ मोटरमध्ये जाते. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की बारीक धूळ घड्यांत लापशीसारखी बसते आणि नुसत्या आपटण्याने सुटत नाही. फिल्टर धुण्यासारखा असेल तर धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. बेळगावच्या पावसात म्हणजे दोन-तीन दिवस. म्हणून मी दोन फिल्टर ठेवतो.

नळीचं काय ते लगेच कळतं. एका टोकातून गोटी सोडा. दुसऱ्या टोकाने बाहेर आली नाही तर मध्ये बोळा आहे. ओल्या फणसाची किंवा कच्च्या बाभळीची सालपं वळणाला चिकटून बसतात आणि मग त्यांच्यावर भुशाचे थर चढतात.

आता खरा चोर: बादलीची गळती

इथे जरा थांबून वाचा, कारण निम्म्याहून जास्त फोन याच कारणाचे निघतात.

धान्य उफणताना काय करतो? सूप उंच धरतो, वारा बाजूने येतो, दाणे सरळ खाली आणि फोल बाजूला. समजा त्याच वेळी कुणी खालून पंखा लावला तर? फोल खाली येणारच नाही, आणि हलके दाणेही तरंगायला लागतील. सेपरेटरच्या बादलीला फट असली की नेमकं हेच होतं. व्हॅक्युम चालू असताना बादलीतली हवाही ओढलेलीच असते, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. झाकणाला केसाएवढी फट मिळाली की बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि वर जायला तिला एकच वाट असते, शंकूचं खालचं तोंड. ज्या तोंडातून भुसा खाली पडायचा, त्याच तोंडातून हवेचा झोत वर. भुसा येतो, तोंडाशी तरंगतो आणि मधल्या नळीत खेचला जातो.

म्हणून फट कुठे आहे याला फार महत्त्व आहे. यंत्रापासून सेपरेटरपर्यंतच्या नळीला भोक पडलं तर ओढ कमी होईल, पण भुसा बादलीतच पडेल. सेपरेटर ते व्हॅक्युम या टप्प्यात फट असली तरी तसंच. बादलीची फट मात्र ओढ फारशी कमी न करता वेगळं करण्याचं कामच मोडते. म्हणूनच माणूस फसतो: ओढ तर जोरात आहे, मग भुसा वर का जातो? आणि तो आणखी जोराचा व्हॅक्युम आणतो. ओढ वाढली की फटीतून येणारा झोतही वाढतो आणि दुखणं दुप्पट होतं.

फट शोधायची पहिली रीत कानाची. नळी व्हॅक्युमवरून काढा, व्हॅक्युमच्या तोंडावर तळहात ठेवा आणि आवाज ऐका. हवा थांबली की मोटर हलकी होते, वेग वाढतो, आवाज बारीक आणि उंच होतो. तो आवाज लक्षात ठेवा. आता सगळं परत जोडा आणि यंत्राकडच्या नळीच्या टोकावर तळहात ठेवा. आवाज तितकाच उंच गेला तर मध्ये गळती नाही. खालीच राहिला तर कुठून तरी हवा येते आहे. दोन-तीन सेकंदांच्या वर हात ठेवू नका, बादली चेपेल.

दुसरी रीत पंक्चरवाल्याची. व्हॅक्युमची नळी हवा बाहेर टाकणाऱ्या तोंडाला लावा म्हणजे सेपरेटरमध्ये हवा भरेल. यंत्राकडचं टोक कापडाने अर्धवट झाका आणि झाकणाच्या कडेला, बोल्टांच्या भोवती, शंकूच्या जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे फट. हे करण्याआधी सेपरेटर आणि बादली रिकामी करा, नाहीतर घरभर भुशाची दिवाळी.

पुष्कळजण अगरबत्तीचा धूर झाकणाजवळ धरून बघतात. धूर आत खेचला गेला की फट सापडते हे खरं, पण त्याबरोबर निखाऱ्याचा कणही आत जाऊ शकतो, आणि आत कोरडा भुसा असतो. मी एकदा केलं होतं. बादलीतून जळका वास आला तेव्हा जी धावपळ झाली, ती बायको अजून पाहुण्यांना सांगते. करू नका.

फट निघते कुठे? रंगाची वीस लिटरची बादली वापरली असेल तर झाकणाच्या कडेला. या झाकणात रबरी कडी असते आणि ती चांगली बसते, पण पेंटरने पेचकसाने झाकण उचकटलेलं असतं. कडेला दात पडतात, कडी ताणली जाते. बादली भंगारात घेताना झाकण उलटं करून कडेवरून बोट फिरवा. दुसरी जागा म्हणजे सेपरेटर बसवण्यासाठी झाकणाला पाडलेली बोल्टांची भोकं. तिसरी म्हणजे झाकण स्वतः. पातळ प्लॅस्टिक, वर सेपरेटर, त्यात नळीचा ओढा. झाकण मधून वाकतं आणि कडा उचलली जाते. उभं असताना फट दिसत नाही, नळी ओढली की दिसते.

उपाय असा. झाकणावर १२ मिलिमीटर प्लायची गोल चकती बसवा, म्हणजे वजन चकतीवर येईल. सेपरेटरच्या कडेखाली दाराच्या फटीला लावतात तसली फोमची पट्टी, पण बंद छिद्रांची. स्पंजासारखी पट्टी हवा सोडते. बोल्टांना वायसर, खाली सिलिकॉन. सिलिकॉन लावल्यावर एक दिवस हात लावायचा नाही. बोल्ट आवळताना समोरासमोरचे आवळत जा, एकदम घट्ट नको, नाहीतर कडा वाकडी होऊन नवी फट तयार होते. शंकू पत्र्याचा घरी केलेला असेल तर उभ्या जोडावरून आतून सिलिकॉनची सपाट रेघ, बोटाने पुसून गुळगुळीत.

झाकणाची कडी गेली असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडेखाली बसवता येते. ज्या पोराचा फोन मी सुरुवातीला सांगितला, त्यानं हेच केलं, आणि संध्याकाळी परत फोन, "काका, अजून वर जायलंय." जाऊन बघितलं तर ट्यूब अख्खी, व्हॉल्व्हसकट बसवलेली. व्हॉल्व्हजवळ झाकण बोटभर उचललं गेलेलं.

जमत असेल तर रंगाची बादली सोडा आणि लोखंडी कडीची क्लॅम्प असलेला निळा प्लॅस्टिकचा ड्रम घ्या. चाळीस-पन्नास लिटरचा पुरतो. जुन्या मालाच्या दुकानात मिळतो, पण आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारून घ्या, वास घ्या, दोनदा धुवा. फाउंड्रीच्या गावात ड्रमात काय काय येतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

दुरुस्ती झाली की मोजून बघायचं. किलोभर कोरडा भुसा तराजूवर मोजून परातीत घ्या, सगळा ओढा, मग बादलीतला परत मोजा. कमी आलेलं वजन व्हॅक्युममध्ये गेलं. सायक्लोन नीट असेल तर जेमतेम चमचाभर जातो. फरक मुठीएवढा असेल तर अजून फट आहे, परत साबण लावा.

बादली आत चेपते

हे बघून लोक दचकतात. हिशोब सांगतो. शॉपमधला व्हॅक्युम पूर्ण तुंबला तर साधारण २० किलोपास्कलची ओढ तयार करतो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर तेवढ्या फरकाने पडणारा भार जवळजवळ १४० किलो होतो. म्हणजे झाकणावर दोन मोठी माणसं उभी. गोल बादली थोडं तरी सहन करते. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा मात्र पहिल्या तुंबण्यातच कागदासारखा चुरगळतो, कारण त्याच्या भिंती सपाट. डबा वापरू नका.

बादलीच्या आत मध्यावर १२ मिलिमीटर प्लायची कडी घट्ट बसवा, चेपणं थांबतं. पण मुळात नळी का तुंबली हे शोधलं नाही तर पुढच्या वेळी झाकण जाईल.

पाइप जाड असला म्हणजे बरा, हा गैरसमज

खानापुरातल्या एका दूरच्या भाच्यानं भिंतीला ११० मिलिमीटरचा ड्रेनेजचा पाइप लावला, टेबल सॉपासून (टेबलात बसवलेल्या गोल करवतीपासून) कोपऱ्यातल्या व्हॅक्युमपर्यंत, शिस्तीत, क्लिपा मारून. "मामा, एवढा जाड पाइप, तरी काहीच येत नाही." पाइप उघडला तर निम्मा भुशाने भरलेला, वारूळच.

लाकडाचा भुसा पाइपात वाहता राहायला हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. शॉपमधल्या व्हॅक्युमची ताकद ओढीत असते, हवा तो कमीच हलवतो. समजा तासाला १०० घनमीटर हलली, तर ३५ मिलिमीटरच्या नळीत वेग २९ मीटरच्या आसपास येतो आणि भुसा उडत जातो. तीच हवा १०० मिलिमीटरच्या पाइपात सोडली की वेग साडेतीन मीटर. एवढ्या वेगात भुसा वाटेतच झोपतो. म्हणून व्हॅक्युमला ३५ ते ५० मिलिमीटरच ठीक. जाड पाइप हवा असेल तर मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टर लागतो. तो ओढतो कमी जोराने, पण हवा कितीतरी जास्त हलवतो. १०० मिलिमीटरच्या पाइपात २० मीटरचा वेग ठेवायचा तर तासाला साडेपाचशेहून जास्त घनमीटर हवा लागते. थिकनेस प्लॅनरला, म्हणजे फळ्या एकसारख्या जाडीच्या करणाऱ्या यंत्राला, तसलंच यंत्र पाहिजे. लहान व्हॅक्युमवर प्लॅनर लावून सेपरेटरला शिव्या देऊ नका.

वळणं कमी ठेवा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशाचे दोन, मध्ये वीतभर सरळ तुकडा. घड्यांची लवचिक नळी फक्त शेवटच्या हातभर. आत घड्यांमुळे हवा अडते.

शंकूच्या आत हात घालायची वेळ

वरचं सगळं ठीक निघालं तरच सेपरेटर उघडा. विकतचा असेल तर आत क्वचितच काही असतं. टॉर्च मारून बघा, सालपांचा बोळा असेल तर काढा, झालं. घरी केलेल्यात मात्र तीन गोष्टी बघायच्या.

मधली नळी बाजूच्या तोंडाच्या खालच्या कडेपेक्षा खाली गेली आहे ना? वर राहिली तर आत आलेली हवा न फिरता आडवाटेने सरळ वर पळते, भुशासकट. एकदा एका माणसानं नळी झाकणाबरोबरच कापली होती, "जागा वाचते" म्हणून.

आतली भिंत गुळगुळीत आहे ना? स्क्रूचं टोक, डाकाचा गोळा, सिलिकॉनचा ढेकूळ, काहीही चालत नाही. फिरणारा भुसा तिथे आपटून मध्ये उडतो आणि मधल्या झोतात सापडतो.

खालचं तोंड फार लहान तर नाही? लहान सायक्लोनला ५०-६० मिलिमीटर पुरतं. हातरंध्याची लांबलचक वळलेली सालपं असतील तर ती तिथे जाळं विणतात. अशा कामाला सायक्लोनपेक्षा बादलीत आडवी चकती बसवलेला साधा बॅफल सेपरेटर बरा: चकतीला कडेने साधारण २४० अंशांत बोटभरापेक्षा थोडी जास्त फट, बाकीचा भाग भिंतीला टेकलेला. सालपं फटीतून खाली जातात आणि चकती त्यांना पुन्हा उडू देत नाही.

वीज, तार आणि आग

व्हॅक्युम १२०० वॅट, टेबल सॉ १५०० वॅट, दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर आणि ते घरातल्या लहान सॉकेटला. मिळून १२ अँपिअरच्या जवळ जातं. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. तार गरम होते, विजेचा दाब कमी होतो, मोटर मंद होते, ओढ कमी. तार हाताला कोमट लागली तरी तिथेच थांबा आणि १६ अँपिअरच्या सॉकेटवर जाड तारेने स्वतंत्र जोडणी करून घ्या.

प्लॅस्टिकच्या नळीला हात लावल्यावर चटका बसतो तो भुसा घासून तयार झालेल्या स्थिर विजेचा. हिवाळ्यात, हवा कोरडी असते तेव्हा, जास्त. नळीवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून यंत्राच्या अर्थिंगला जोडली की चटके थांबतात. घरच्या शॉपात मला खरी भीती वाटते ती ठिणगीची. आपल्याकडे जुन्या वाड्याचं सागवान परत वापरायची हौस फार, आणि त्यात खिळे असतात. करवतीचं पातं खिळ्यावर गेलं की तापलेला तुकडा सरळ बादलीत. लाकूड आधी लोहचुंबकाने तपासा. आणि ज्या व्हॅक्युमने भुसा ओढता त्यानेच ग्राइंडरची ठिणगी कधीही ओढू नका, सेपरेटर असला तरी नाही.

कुठे थांबायचं

धूर किंवा जळका वास आला तर व्हॅक्युम बंद, प्लग काढा, जमलं तर बादली न उघडता बाहेर अंगणात. आतल्या धुमसणाऱ्या भुशाला मोकळी हवा मिळाली की तो पेट घेतो. म्हणून बाहेर नेल्यावर पाण्याची बादली हाताशी ठेवून मगच झाकण सरकवा आणि भरपूर पाणी ओता. बादली हाताला गरम लागत असेल किंवा धूर वाढत असेल तर उचलायच्या भानगडीत पडू नका, माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

यंत्राच्या धातूच्या अंगाला हात लावून झिणझिण्या येत असतील तर ती स्थिर वीज समजून सोडून देऊ नका. प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. व्हॅक्युमच्या मोटरमध्ये मोठ्या ठिणग्या दिसत असतील, वास येत असेल, तर कार्बन ब्रश किंवा आर्मेचर (मोटरचा फिरणारा गुंडाळीचा भाग) गेलेलं असतं. हे मोटर रिवाइंडिंगवाल्याचं काम. डस्ट कलेक्टरच्या सिंगल फेज मोटरवरचं कपॅसिटरचं झाकण स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली राहते.

थ्री फेज डस्ट कलेक्टर असेल आणि मोटर दुरुस्त होऊन आल्यापासून ओढ कमी झाली असेल, तर मोटर उलटी फिरते आहे का बघायला सांगा. अशा पंख्याची गंमत अशी की उलटा फिरला तरी तो ओढतोच, फक्त फार कमी. चिकोडीकडच्या एका फर्निचरवाल्यानं याच कारणासाठी पाइप दोनदा बदलला होता. वायरमनने दोन फेज अदलाबदल केल्या, पाच मिनिटांचं काम. बाण पंख्याच्या खोळीवर छापलेला असतो, तो बघून घ्या, पण तारांना हात त्यालाच लावू दे.

आणि सेपरेटर ठीक चालत असतानाही नाक गळणं, नाकातून रक्त, धाप, रात्रीचा खोकला, किंवा शिसव-सागवान कापल्यावर हातांना पुरळ येत असेल, तर ते दुरुस्तीच्या पलीकडचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगामुळे. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये तेव्हा रुमालच बांधायचे. आता एन ९५ मास्क औषधाच्या दुकानात मिळतो; बादली रिकामी करताना आणि फिल्टर झाडताना तो लावायचाच, कारण दिवसातली सगळ्यात जास्त धूळ त्या दोन मिनिटांत उडते. त्रास सुरू झालेला असेल तर काम बंद ठेवून डॉक्टरांकडे जा, आणि कोणतं लाकूड कापत होता, एमडीएफ होतं का, दिवसाला किती तास, हे चिठ्ठीवर लिहून न्या.